गाडी निघून गेली, गाव तेथेच राहिले

अंधश्रद्धेवर आघात करणारी कलाकृती म्हणून ज्या भारतीय चित्रपटांचा आदराने उल्लेख होतो, त्यांत 'किळक्के पोगुम रेल' या १९७८ सालच्या तमिळ चित्रपटाला मानाचे स्थान आहे. या नावाचा अर्थ 'पूर्वेकडे जाणारी गाडी'. दिग्दर्शक भारतीराजा यांनी १९७७ साली आपल्या पहिल्याच चित्रपटाने तमिळ कथानकाला स्टुडिओच्या भिंतींतून बाहेर काढून खऱ्याखुऱ्या खेड्यात नेले होते. त्याच वाटेवरचा हा त्यांचा दुसरा चित्रपट. पुढे १९८६ साली 'सवेरेवाली गाडी' या नावाने तो हिंदीतही आला. त्यामुळे त्याची कथा आपल्याकडील काही वाचकांना ठाऊक असेल. कविता करणारा न्हाव्याचा मुलगा परंज्योती आणि बहिणीच्या आश्रयाला आलेली पांचाली यांचे प्रेम जमते. गाव त्यांची ताटातूट करते. शहरात गेलेला प्रियकर आणि गावात राहिलेली प्रेयसी यांच्यातील निरोप गाडीच्या शेवटच्या डब्यावर लिहिले जातात. मग अतिवृष्टी होते, गाव बुडू लागते आणि गावाला एक जुना 'उपाय' आठवतो: एका कुमारिकेने विवस्त्र होऊन गावाला फेरी घालावी, म्हणजे दैवी कोप शमेल. ही पाळी पांचालीवर येते. शेवटी दोघे प्रेमिक गावाच्या हातून निसटतात आणि गाडीत बसून निघून जातात.

प्रेक्षक टाळ्या वाजवतात त्या या गाडीसाठी. माझी हरकत नेमकी या टाळ्यांना आहे.

चित्रपट चांगला आहे, याबद्दल वाद नाही. जात, गरिबी आणि स्त्रीचे शरीर या तिन्ही गोष्टी अंधश्रद्धेच्या एकाच दोरीने कशा बांधलेल्या असतात, हे त्याने मोठ्या सामर्थ्याने दाखविले आहे. परंतु वाचकहो, गाडी सुटल्यानंतर त्या गावाचे काय झाले, हा प्रश्न आपण कधी विचारला आहे काय? ज्या पंचांनी तो निर्णय दिला, त्यांना जाब कोणी विचारला? पुढच्या वर्षी पुन्हा पूर आला असेल, तेव्हा पाळी कोणाची आली असेल? नायिका सुटली म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि गावाला निर्दोष सोडून घरी येतो. अंधश्रद्धेविषयीचा आपला सगळा सुशिक्षित विचार या एका खोडीने ग्रासलेला आहे. बळी वाचला की प्रश्न सुटला, असे आपण मानतो. बळी मागणारे गाव मात्र जसेच्या तसे राहते.

ही दक्षिणेकडील जुनी गोष्ट आहे, असे म्हणून कोणी स्वस्थ बसू नये. चित्रपटानंतर त्रेचाळीस वर्षांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये, मध्य प्रदेशातील दमोह जिल्ह्यातील बनिया या गावात पाऊस पडावा म्हणून सहा लहान मुलींना विवस्त्र करून गावातून फिरविण्यात आले. त्यांच्या खांद्यावर मुसळ होते आणि मुसळाला बेडूक बांधलेला होता. बरोबरच्या स्त्रिया भजने म्हणत होत्या. मुलींच्या पालकांचीच संमती होती आणि गावातून कोणाचीही तक्रार नव्हती, असे प्रशासनाकडून सांगण्यात आले. मला त्या घटनेतील सर्वांत भयंकर गोष्ट हीच वाटते. तेथे पळून जाण्यासाठी परंज्योती नव्हता, गाडी नव्हती. आणि जिच्या कुशीत पळावे, ती आईच मिरवणुकीत चालत होती.

आता आपल्या खानदेशाकडे वळू. तापीच्या दक्षिणेला रूळ आहेत. सुरतेहून भुसावळकडे येणारी गाडी नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करीत जळगावला पोहोचते. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आणि डोंगरात, चोपडा, शिरपूर, शहादा, धडगाव हा सारा मुलूख रुळांपासून दूर वसलेला आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. पण डोंगराने ती रेषा मानलेली नाही. भिल्ल आणि पावरा समाजांच्या पाड्यांवर येथे एक शब्द आजही दबक्या आवाजात उच्चारला जातो: डाकीण.

याची रीत ठरलेली आहे. घरात मूल दगावते, तरणाबांड माणूस अंथरुणाला खिळतो, म्हैस आटते किंवा बैल मरतो. माणसे भगताकडे जातात. काही ठिकाणी त्याला बडवा म्हणतात. तो दाणे पाहतो आणि बोट दाखवितो: अमक्या दिशेच्या घरातील बाईने 'खाल्ले'. मग पंच बसतात. त्या बाईकडून दंड वसूल होतो, तिला मारहाण होते, कधी उकळत्या तेलात हात घालण्याचे दिव्य करायला लावतात, कधी कुटुंबासह गावाबाहेर काढतात. आणि कधी ती सकाळी जिवंत सापडत नाही. ही रीत नवी नाही. खानदेश आणि डांगच्या भिल्लांमधील डाकीण-प्रथेवर इतिहासकार अजय स्कारिया यांनी १९९७ साली एक विस्तृत निबंध लिहिला. तो वाचला म्हणजे कळते की, इंग्रज अंमलदारही या प्रथेपुढे गोंधळून गेले होते.

या विषयावर जळगाव-धुळ्याच्या दिवाणखान्यांत तीन उत्तरे ठरलेली आहेत. तिन्ही मला खोटी वाटतात.

पहिले उत्तर: हे आदिवासींचे अज्ञान आहे. अज्ञान आंधळे असते. त्याने बोट दाखवायचे तर ते कोणाकडेही वळायला हवे. परंतु डाकिणीचे बोट कधी आंधळे नसते. ते विधवेकडे वळते, जिच्या नावावर दोन एकर आहेत आणि पाठीशी मुलगा नाही. ते निपुत्रिकेकडे वळते, दिलेले पैसे परत मागणाऱ्या बाईकडे वळते, दिराशी बांधावरून भांडलेल्या भावजयीकडे वळते. ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे त्याची आई डाकीण निघाल्याचे आपण ऐकले आहे काय? ज्या प्रथेला इतका नेमका हिशेब कळतो, तिला अज्ञान म्हणणे हा आपला भोळेपणा आहे. आजाराचे कारण माहीत नसणे हे अज्ञान. त्या आजाराचा उपयोग करून एका एकाकी बाईची जमीन मोकळी करून घेणे, हा व्यवहार झाला.

शिवाय आम्हा शहरवासीयांचे काय? नव्या घराचे दार वास्तुशास्त्रासाठी फोडून दुसरीकडे बसविणारे, पत्रिकेत मंगळ आहे म्हणून चांगली मुलगी नाकारणारे, गाडीला लिंबू-मिरच्या बांधणारे आपण कोणत्या तोंडाने डोंगराला अडाणी म्हणतो? तेथील अंधश्रद्धा उघडीवाघडी आहे. आपली मात्र इस्त्रीच्या कपड्यांत वावरते.

मी सर्वच चालीरीतींवर उठलेला नाही, हेही येथे सांगून टाकतो. अखाजीला माहेरी आलेल्या लेकींचे झोके, कानबाईचे रोट, पावसासाठी कडुलिंबाचा पाला नेसून दारोदार पाणी मागत फिरणारा धोंड्या, ही आपल्या मातीची धनदौलत आहे. त्या पोराच्या डोक्यावर पाणी ओततात तेव्हा तो हसत असतो, आणि पाऊस आला नाही तरी कोणाचे काही जात नाही. दमोहच्या मुली आणि हा धोंड्या दोघेही पावसासाठीच फिरतात. मग भेद कोठे आहे? श्रद्धेची किंमत कोणाच्या अंगावरून वसूल होते, एवढे पाहिले म्हणजे भेद कळतो. जेथे ती दुसऱ्याच्या, दुबळ्याच्या अंगावरून वसूल होते, तेथे 'आमची परंपरा' या शब्दांआड लपण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसरे उत्तर: शिक्षण आले की हे आपोआप जाईल. 'आपोआप' हा शब्द आपल्याला फार सोयीचा आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारात भिक्षा मागणाऱ्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. ती माणसे मंगळवेढ्याकडून पोटासाठी आली होती. तेथे डाकीण नव्हती, भगतही नव्हता. तरीही सारे तसेच घडले: मुलांच्या जिवाची भीती, एक परके शरीर, आणि कोणीही न थांबविलेला जमाव. दाण्यांची जागा मोबाइलने घेतली होती, इतकेच. साक्षरतेने अफवा वाचता येते. अफवा नाकारण्याचे धैर्य वेगळे शिकवावे लागते.

आणि सातपुड्यात शाळेइतकीच गरज आहे ती रोगाच्या खऱ्या नावाची. भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. एकाच घरातील एका मुलाचे हातपाय सुजतात, सांधे दुखतात, तो पिवळा पडतो, वारंवार तापाने फणफणतो. दुसरे मूल धडधाकट खेळते. ज्याला हे आनुवंशिकतेचे गणित कोणी सांगितलेले नाही, त्याला हे शेजारणीच्या नजरेचे काम वाटले तर नवल काय? रक्ताची एक साधी तपासणी त्या शेजारणीचा जीव वाचवू शकते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ती मोहीम पाड्यापर्यंत पोहोचणे हे आरोग्याचे काम आहे, तसेच ते न्यायाचेही आहे.

तिसरे उत्तर: आता कायदा झाला आहे. होय, झाला आहे, आणि त्याची किंमत एका माणसाने रक्ताने चुकविली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षे या कायद्याचा पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, त्यानंतर आठवड्याच्या आत अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. जिवंत माणसाचे न ऐकणाऱ्या शासनाला मेलेल्याचे ऐकावे लागले. खून करणाऱ्या दोघांना १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने जन्मठेप दिली.

कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत. एखादी व्यक्ती करणी करते, जनावरांचे दूध आटविते असे जाहीर करणे हा गुन्हा आहे. करणी-चेटूक केल्याच्या नावाखाली मारहाण करणे, नग्न धिंड काढणे, रोजच्या व्यवहारांवर बंदी घालणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. भारतीराजांच्या गावातील पंच महाराष्ट्रात असते तर याच कलमांखाली आत गेले असते. पण त्यासाठी कोणीतरी पोलिस ठाण्याची पायरी चढायला हवी. ती बाई चढेल काय? उद्या तिला त्याच पाड्यावर, त्याच विहिरीवर पाणी भरायचे आहे. साक्ष देणारा कोण? तोही त्याच पाड्याचा. आपल्या कायद्यात गुन्हेगाराला शिक्षा आहे. परंतु परतणाऱ्या बाईच्या घराची, शेताची, पाण्याची तजवीज त्यात नाही. राजस्थानने २०१५ साली डाकीण-प्रथेविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, त्यात पीडितेच्या पुनर्वसनाचा विचार आहे आणि गुन्ह्यात सामील झालेल्या वस्तीवर सामूहिक दंड बसविण्याची तरतूदही आहे. म्हणजे गावालाही जाब देणे भाग पडते. महाराष्ट्राने पहिल्या पावलाचा मान मिरवीत बसण्यापेक्षा हे दुसरे पाऊल उचलावे.

या कायद्याला आपल्या राज्यात 'धर्मविरोधी' म्हणून विरोध झाला, आणि काही श्रद्धाळू ख्रिस्ती मनांतही शंका डोकावून गेली. ती शंका निराधार आहे. प्रार्थना, उपासना, यात्रा, प्रवचन यांना हा कायदा हात लावीत नाही. शारीरिक इजा न करणारे धार्मिक विधी मंदिरात, दर्ग्यात, गुरुद्वारात वा चर्चमध्ये करण्यास त्यात स्पष्ट मोकळीक आहे. आणि श्रद्धेचाच प्रश्न असेल, तर योहानच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय पुन्हा वाचावा. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? हा प्रश्न भगताच्या दाण्यांपेक्षा वेगळा नाही. दुःख दिसले की दोषी शोधायचा, ही माणसाची फार जुनी सवय आहे. प्रभू तो प्रश्नच नाकारतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांकडे वळतो. दोषी शोधू नका, उपचार करा, असा याचा सरळ अर्थ मी घेतो.

इतिहासाकडे पाहिले तर आपल्याला उपदेशकाच्या उंच आसनावर बसता येत नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हाइन्रिख क्रामर या डॉमिनिकन संन्याशाने चेटकिणी ओळखण्याचा व त्यांना शिक्षा देण्याचा ग्रंथ लिहिला, आणि पुढील दोन शतकांत युरोपात हजारो स्त्रिया जाळल्या गेल्या. पण त्याच ख्रिस्तसभेत १६३१ साली फ्रीडरिख श्पे या येशूसंघीय धर्मगुरूने त्या खटल्यांविरुद्ध लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला; जिवाच्या भीतीने त्यावर नावही घातले नाही. त्याचा युक्तिवाद आजही सातपुड्याच्या पंचांपुढे वाचून दाखविण्यासारखा आहे. छळ केला तर कोणीही कबूल होईल. छळ सोसून गप्प राहिली तर सैतानाने बळ दिले म्हणाल. म्हणजे चेटकीण छळामुळे तयार होते. उकळत्या तेलात हात घालायला लावणाऱ्यांची तर्कपद्धती हीच आहे. हात भाजला तर डाकीण. नाही भाजला तर विद्या मोठी!

बुद्धिवाद परदेशातून आणावा लागतो, असेही कोणी समजू नये. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या, ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या आणि अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींनी आपल्या कवितेत हात पाहणाऱ्या ज्योतिषाला दारातूनच परत पाठविले. आपले नशीब आपल्याला ठाऊक आहे, ही त्यांची ठाम भूमिका. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्या विद्यापीठातून पदव्या घेऊन बाहेर पडणाऱ्यांनी मुहूर्त काढून रुजू व्हावे, याइतका त्या माउलीचा अपमान दुसरा नाही.

मग करायचे काय? माझे म्हणणे एवढेच आहे की, पळून जाण्याच्या कथेवर समाधान मानणे आपण सोडले पाहिजे. झारखंडच्या छुटनी महतो यांना १९९५ साली गावाने डायन ठरविले, छळले, घराबाहेर काढले. त्या पळाल्या, पळणे भागच होते. पण नंतर उभ्या राहिल्या आणि इतर स्त्रियांवर ही वेळ आली की त्या गावात जाऊन जाब विचारू लागल्या. २०२१ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. चित्रपट जेथे संपतो, तेथून या बाईचे आयुष्य सुरू झाले.

नाशिक धर्मप्रांतात धुळे, जळगाव, नंदुरबार हे जिल्हे येतात. आपल्या शाळांतून आणि वसतिगृहांतून सातपुड्याची मुलेमुली शिकतात. त्यांच्यापुढे आपण या विषयावर किती वेळा बोलतो? सुटीत घरी जाणाऱ्या मुलीला सिकलसेलची तपासणी कोठे होते हे सांगून पाठवितो काय? एखाद्या पाड्यावर कोणा बाईकडे बोट वळले असे कळताच दुसऱ्या दिवशी तेथे जाऊन तिच्या ओट्यावर बसतील, तिच्या हातचे पाणी पितील, पोलिसपाटलाला साक्षीला बोलावतील, अशी चार माणसे प्रत्येक धर्मग्रामात आहेत काय? भगताला शत्रू मानण्याचीही गरज नाही. त्यातील अनेकांना झाडपाल्याचे उत्तम ज्ञान आहे. रुग्णाला दवाखान्यात आणणारा पहिला दुवा तोच होऊ शकतो. मात्र ज्या दिवशी तो एखाद्या घराकडे बोट दाखवील, त्या दिवशी त्याला कायद्याचे कलम ऐकविणारा माणूस तेथे हजर हवा.

हे काम अवघड आहे, त्यात टाळ्या नाहीत, आणि आपल्यापैकी बहुतेकांना ते नको आहे. परंतु डाकीण ठरविलेल्या बाईला गाव सोडावे लागले आणि ती जिवानिशी वाचली, एवढ्यावर 'सुटली बिचारी' म्हणणे आता बंद करू या. ती ज्या घरातून निघाली त्या घराचे दार कोणी लावून घेतले, तिचे शेत आज कोण कसतो, आणि ती परत येईल तेव्हा तिच्याबरोबर कोण येणार आहे, एवढे तीन प्रश्न आपण त्या गावात जाऊन, नाव घेऊन विचारले पाहिजेत.